टाकी, तांब आणि डाक : मोटारसायकलच्या गळक्या टाकीच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

वस्तू प्रथम कोणी केली, कोठे केली व कोणत्या साली केली ह्याची नोंद इतिहासकार तत्परतेने ठेवतात. ती मोडल्यावर लोकांनी तिचे काय केले ह्याची नोंद सहसा राहत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत हे विशेष जाणवते. हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर ह्यांनी म्यूनिक येथे १८९४ साली विक्रीसाठी मोटारसायकली बांधावयास आरंभ केला, रॉयल एनफील्डची पहिली मोटारसायकल १९०१ साली निघाली, एनफील्ड इंडिया ही कंपनी मद्रास येथे १९५५ साली उभी राहिली आणि म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या १९६१ पासून रस्त्यावर आल्या, इतके कोणत्याही संदर्भग्रंथात सापडते. परंतु ह्या गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या गंजून गळू लागल्या म्हणजे मालकाने काय करावयाचे, आणि ते करण्याचे ज्ञान त्याच्यापर्यंत कोठून आले, हा प्रश्न विचारला गेलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. वाटेत काही शब्दांची चिकित्सा येईल. कारागिराचे ज्ञान पुष्कळदा लेखात नसून शब्दांत साठलेले असते, म्हणून ती टाळता येण्याजोगी नाही.

आरंभीच एक विधान मांडतो. ह्या दुरुस्तीचे डाकापासून लेपापर्यंत जे स्थित्यंतर झाले, त्याचे श्रेय नव्या रसायनांस देण्याची प्रथा आहे. रसायनांचा वाटा मोठा आहेच. परंतु त्याआधी गळतीची जागा बदलली होती. पहिल्या टाक्या सांध्यांतून गळत, नंतरच्या टाक्या पत्र्यातून गळू लागल्या. हे स्थलांतर ध्यानात घेतल्यावाचून जुने कारागीर जे करीत ते का सोडावे लागले, हे उमजत नाही.

प्रथम 'टाकी' हा शब्दच घेऊ. इंग्रजांचा 'टँक' आपण त्यांच्याकडून घेतला अशी अनेक सुशिक्षितांची समजूत असते. ती उलट आहे. गुजराती 'टांकी' आणि मराठी 'टाके' ह्यांतून हा शब्द सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत गेला, व त्यास पोर्तुगीज 'टांक' ह्या, पाणी अडविण्याच्या अर्थाशी निगडित असलेल्या, शब्दाचा आधार मिळाला. यूल आणि बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या कोशात ह्या दुहेरी वंशावळीची चर्चा आहे. कातळात खोदलेल्या पाण्याच्या साठ्यास आपण 'टाके' म्हणतो. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी सर्वांच्या परिचयाची आहेत. मात्र प्राचीन काळी ह्या वस्तूचे नाव हेच होते असे नाही. कान्हेरीच्या लेखांत अशा साठ्यास 'पोढी' म्हटले आहे. पोढी गेली, टाके राहिले, आणि ते इंग्रजीत फिरून लोखंडी पत्र्याच्या रूपाने परत आले. १९१६ साली रणांगणावर उतरलेल्या युद्धयंत्रास गुप्ततेसाठी हेच नाव दिले गेले, हा ह्या शब्दाचा आणखी एक प्रवास.

'टाकी' म्हणजे पाथरवटाची छिन्नीही होय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण प्रसिद्धच आहे. 'टाका' म्हणजे शिवण; हिंदीत डाकालाही 'टाँका' म्हणतात; आणि पक्क्या डाकासाठी सोनार जो क्षार वापरतो तो 'टांकणखार'. छिन्नी, टाके, शिवण, डाक आणि क्षार ह्या साऱ्यांस एकाच 'टंक'ाच्या खुंटीला बांधण्याचा मोह विद्यार्थ्यांस होतो. तो आवरावा. छिन्नी आणि कोरलेले टाके ह्यांचा संबंध अर्थाने जुळतो. पण 'टंकण' हे नाव हिमालयाकडील ज्या लोकांकरवी हा क्षार येई त्यांच्या नावाशी जोडले जाते, आणि त्याचा छिन्नीशी काही संबंध दाखविता येत नाही. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, ती केवळ चौकशीची सुरुवात.

आता वस्तूकडे वळू. आरंभीच्या मोटारसायकली म्हणजे यंत्र बसविलेल्या सायकलीच होत्या. सांगाड्याच्या वरच्या दोन नळ्यांमध्ये जी चिंचोळी जागा उरे, तीत पेटीच्या आकाराची चपटी टाकी बसविली जाई. तीतच एक कप्पा वंगणतेलाचाही असे. ही टाकी कल्हई केलेल्या पातळ पत्र्याची असून तिच्या कडा दुमडून डाकाने जोडलेल्या असत. म्हणजे रचनेच्या दृष्टीने ती रॉकेलच्या डब्याची बहीणच होय. पत्र्याच्या दोन्ही अंगांस कथलाचा किंवा शिसे-कथलाच्या मिश्रणाचा मुलामा असल्यामुळे तिला गंज सहसा आतून खात नसे. तिचा शत्रू निराळा होता. यंत्राच्या सततच्या हादऱ्याने मऊ डाकाला बारीक तडा जाई आणि सांध्यातून पेट्रोल झिरपू लागे.

ह्या रोगावर औषध ज्याच्यापाशी होते तो मनुष्य प्रत्येक गावात होता. कल्हईवाल्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा क्रम आठवेल. भांडे घासून स्वच्छ करावयाचे, भात्याने फुलविलेल्या निखाऱ्यावर तापवावयाचे, नवसागराची पूड टाकावयाची, पांढरा धूर उठताच कथलाची कांडी टेकवावयाची, आणि कापसाच्या बोळ्याने ते चकाकते कथील सर्वत्र फिरवावयाचे. डाक देण्याचा क्रमही मूलतः हाच. फरक इतकाच, की तेथे सारे भांडे न तापविता तांब्याचे जड टोक असलेले हत्यार तापवून सांध्यावर फिरवितात, आणि नवसागराच्या जोडीला जस्ताचे तुकडे टाकून शमविलेले तेजाब वापरतात. निखळ कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण कथील ६३ भाग व शिसे ३७ भाग असे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. हे आकडे कारागिरास ठाऊक नव्हते. दोन धातू एकत्र केल्या असता त्या प्रत्येकीपेक्षा लवकर पाणी होतात, हे मात्र त्याला पुस्तकांच्या पुष्कळ आधीपासून माहीत होते.

ह्या कारागिराची परिभाषा पाहिली म्हणजे किती दिशांची ये-जा त्याच्या पोतडीत झाली होती ते कळते. 'कल्हई' हा अरबी 'कलई'; अरब भूगोलकारांनी ज्याला 'कला' म्हटले त्या मलाया द्वीपकल्पाकडील बंदराच्या नावावरून तो आला असे मानतात. पोर्तुगीजांनी हाच शब्द 'कलाईं' असा उचलला. 'कथील' हा संस्कृत 'कस्तीर'चा वंशज, आणि कस्तीर हा ग्रीक 'कासितेरोस'चा. 'मुलामा' अरबी, 'तेजाब' फारसी. तेजाबातील 'तेज' मराठी कानाला संस्कृत 'तेजस्' वाटते, परंतु तो फारसी 'तेज' म्हणजे तीक्ष्ण होय. तेजाब म्हणजे तीक्ष्ण पाणी. सर्वांत बोधप्रद उदाहरण नवसागराचे. फारसी 'नौशादर' संस्कृत रसग्रंथांत 'नवसार' किंवा 'नवसादर' झाला, आणि मराठीत त्याचा चक्क सागर झाला. ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही त्यास ओळखीच्या शब्दांचा पोशाख चढविणे ही लोकभाषेची जुनी सवय. तिला अज्ञान म्हणून हिणविणाऱ्यांशी मी सहमत नाही. अनोळखी पदार्थ घरचा करून घेण्याचा तो एक मार्ग आहे.

चपटी टाकी १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मागे पडली. तिच्या जागी सांगाड्याच्या वरच्या नळीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसणारी टाकी आली. पत्र्याचे दोन-तीन भाग साच्यात दाबून काढावयाचे व त्यांच्या कडा वितळवून एकजीव करावयाच्या, अशी तिची घडण. विजेच्या रोधाने धातू जोडण्याची जी युक्ती एलिहू थॉमसन ह्यांनी १८८० नंतरच्या दशकात पुढे आणली, तिचाच हा विस्तार होय. सांधा आता पत्र्याइतकाच बळकट झाला आणि हादऱ्याने तडकणे पुष्कळ कमी झाले. बुलेटची किंवा जावाची टाकी आपण ओळखतो ती ह्याच कुळातली.

परंतु ह्या सुधारणेने एक नवे दार उघडले. जोडताना सांध्यालगतचा मुलामा जळतो; शिवाय अशा टाक्यांपैकी पुष्कळशा आतून उघड्या लोखंडाच्याच असत. त्यात खोगिराचा आकार. मधला भाग उंच आणि दोन्ही बाजू खाली उतरलेल्या, त्यामुळे दोन खोलगट कोपरे तयार होतात. पेट्रोल स्वतः लोखंडाला गंजवीत नाही, पाणी गंजविते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, बाहेरची दमट हवा आत ओढून घेते आणि वरच्या पत्र्यावर थेंब धरते. हे थेंब पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. तोटीची मुख्य नळी टाकीत काही उंच असते व 'रिझर्व्ह'चे तोंड खाली असते, त्यामुळे तळाचे हे पाणी नित्याच्या वापरात बाहेर पडत नाही. ते महिनोन्‌महिने तेथेच राहते. कोकणच्या पावसाळ्यात चार महिने उभी राहिलेली गाडी रिझर्व्हवर घेताच बंद पडते, ती पेट्रोलबरोबर आलेल्या तांबेच्या गाळाने.

'तांब' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरीत आहे. आज आपण सरसकट 'गंज' म्हणतो. पण लोखंडावर चढणाऱ्या ह्या तांबूस पुटाला मराठीत 'तांब' हा रंगावरून आलेला नेमका शब्द आहे, आणि गव्हावरच्या तशाच रंगाच्या रोगाला शेतकरी 'तांबेरा' म्हणतो. 'गंज' मात्र तिहेरी ओझे वाहतो. गंज म्हणजे पुट, गंज म्हणजे उभे भांडे, आणि गंज म्हणजे रास. गंजाला गंज चढला, हे मराठीत निर्दोष वाक्य आहे.

तांबेचे छिद्र आणि तडकलेला सांधा ह्यांत मूलभूत भेद आहे. सांध्याची चीर बाहेरून दिसते तेवढीच असते. तांब आतून पोखरीत येते. बाहेर सुईच्या अग्राएवढे छिद्र दिसले तरी त्याच्या भोवतीचा पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो. अशा ठिकाणी बाहेरून डाक द्यावयाचा तर घासताना छिद्र मोठे होते, आणि डाक बसला तरी शेजारी दुसरे छिद्र पडते. शिवाय डाक स्वच्छ धातूलाच धरतो; तांबेला तो धरीत नाही. कल्हईवाल्याचे कौशल्य येथे उणे पडले, ह्यात त्याचा दोष नव्हता. त्याला जो रोग ठाऊक होता तो हा नव्हेच.

छिद्र तात्पुरते बुजविण्याच्या युक्त्यांचा उल्लेख येथे थोडक्यात करतो. त्यांत सर्वश्रुत आहे ती साबणाची वडी घासण्याची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गाडी घरापर्यंत येते. पुढे एपॉक्सी आली. पिएर कास्तां ह्यांच्या १९३८ च्या संशोधनातून निघालेली 'अ‍ॅराल्डाइट' १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली, आणि कालांतराने भारतातील घराघरांत एपॉक्सीची दोन भागांची लांबी पोहोचली. ही लांबी बाहेरून उत्तम बसते, परंतु आतली तांब आपले काम करीतच राहते.

आता धोक्याविषयी, आणि हा ह्या इतिहासाचा सर्वांत गंभीर भाग आहे. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली तर ती स्फोटक होते. भरलेल्या टाकीत वाफ ह्याहून दाट असते. रिकामी केलेली, नुकतीच ओतून टाकलेली टाकी मात्र नेमकी ह्या मर्यादेत येते, म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्याने टाकी उघडी ठेवून ती निघून जात नाही. आणि तांबेच्या पापुद्र्यांत व दुमडींत मुरलेले पेट्रोल ऊब लागताच पुन्हा वाफ सोडते. २५० ते २८० अंशांच्या आसपास ही वाफ ठिणगीवाचूनही पेटू शकते, आणि डाकाचे तापलेले हत्यार त्याहून उष्ण असते. जाणते कारागीर टाकी अनेकदा धुवून, छिद्राच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरून मगच तिला हात लावीत. आत हवाच उरू द्यावयाची नाही, हे त्यामागचे तत्त्व. वेल्डिंगची ज्योत आल्यावर उष्णता अनेक पटींनी वाढली, पण पाणी भरण्याची शिस्त तितक्या निष्ठेने नव्या दुकानात गेली नाही. एका पिढीचा विधी दुसऱ्या पिढीला खुळचटपणा वाटला की काय होते, ह्याचे हे दुःखद उदाहरण आहे. घरी तर टाकीजवळ ज्योत अथवा तापलेले हत्यार आणूच नये.

घरगुती दुरुस्ती थंड झाली ती ह्यामुळेच. तिचे तीन भाग असतात: तांब काढणे, धातू कोरडा करणे, आतून लेप देणे. ह्या प्रत्येकाचे कूळ वेगळे आहे.

तांब सैल करण्यासाठी टाकीत नट, साखळीचे तुकडे किंवा खडे घालून ती हलवितात. ही तर घासण्याचीच पायरी. त्यानंतर आम्ल. शिरका आणि लिंबूसत्त्व ही घरातली साधने. फॉस्फोरिक आम्ल दुकानातले. ह्या शेवटच्या आम्लाचा लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा बसतो, हे टॉमस कॉस्लेट ह्यांनी १९०६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेऊन व्यवहारात आणले. हिरड्यासारख्या तुरट द्रव्यांतील टॅनिन तांबेला काळ्या स्थिर संयुगात बदलते; हिराकस आणि हिरडा ह्यांची शाई ज्या क्रियेने काळी होई, तीच ही. उसाची मळी पाण्यात कालवून टाकी दोन-तीन आठवडे भरून ठेवणे, हा एक संथ पण लोखंडाला इजा न करणारा उपाय आहे. त्याकडे मी पुन्हा येईन.

सर्वांत विलक्षण कूळ विजेच्या पद्धतीचे. टाकी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरावयाची, तीत टाकीला न टेकेल असा लोखंडाचा गज सोडावयाचा, गज बॅटरी-चार्जरच्या धन टोकाला व टाकी ऋण टोकाला जोडावयाची. ही पद्धत गॅरेजात जन्मली नाही. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत १८८८ साली जी रासायनिक प्रयोगशाळा निघाली, तिचे प्रमुख फ्रीडरिख राटगेन ह्यांनी उत्खननातील धातूच्या वस्तूंवर विजेचा हा उपचार रूढ केला. पुराणवस्तूंसाठीचे ज्ञान पुढे मोटारसायकलच्या टाकीत उतरले. 'अ‍ॅनोड' आणि 'कॅथोड' ही नावे फॅरडे ह्यांनी १८३४ साली विल्यम ह्यूएल ह्यांच्या सल्ल्याने ग्रीकवरून घडविली. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यांस 'धनाग्र' व 'ऋणाग्र' म्हटले. येथे मराठी संज्ञा मूळ संज्ञांहून उपयुक्त ठरल्या असे माझे मत आहे. ग्रीक नावांत वरचा व खालचा मार्ग एवढेच आहे; मराठी नावे कोणती तार कोठे जोडावयाची ते सांगतात. ती उलट जोडली तर गज शाबूत राहून टाकीच झिजते. ह्या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून ती उघड्यावर करावी. आणि गज स्टेनलेस स्टीलचा नसावा, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

धुतलेले नग्न लोखंड ओले राहिले तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. कल्हईवाला नवसागर टाकताच विलंब न लावता कथील का टेकवीत असे, हे येथे कळते. नवसागर क्षणभर धातू उघडा करतो, आणि तो क्षण गेला की काम फुकट. लेपवाल्याला हा क्षण लांबविता येतो, पण टाळता येत नाही.

लेप ओतून टाकी सर्व बाजूंनी फिरविणे ही कल्पना विमानांच्या टाक्यांच्या देखभालीत आधी रूढ होती. तेथून ती मोटारसायकलींकडे आली. एपॉक्सी, पॉलिएस्टर अथवा अन्य राळेचा पातळ रस छिद्रे आतून बुजवितो आणि उरलेल्या लोखंडाला पाण्यापासून तोडतो. रस फिरविण्याची ही हालचाल आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरविण्याची हालचाल ह्यांत मला एकच हात दिसतो. कल्हई शेवटी आतल्या लेपाचीच कला होती. चपट्या टाकीच्या काळात तिला बाहेरून सांधे जोडण्याचे काम लागले, आणि तांबेने तिला पुन्हा आत ढकलले, फक्त कथलाच्या जागी राळ देऊन.

ह्या क्रमाला पुढचे वळण इंधनाने दिले आहे. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा विचार भारतात नवा नाही. इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट १९४८ सालचा आहे, व तो २००० साली रद्द झाला. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा आरंभ झाला, २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. मद्यार्क पाणी शोषून घेतो. दहा टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी सामावते. त्याहून अधिक झाले, वा थंडी वाढली, म्हणजे पाणी आणि मद्यार्क मिळून वेगळे होतात व तळाशी उतरतात. म्हणजे पूर्वी जेथे निव्वळ पाण्याचे थेंब बसत, तेथेच आता मद्यार्कमिश्रित पाण्याचा थर बसतो. जुन्या पॉलिएस्टर लेपांपैकी अनेक ह्या मिश्रणात मऊ पडतात, पापुद्रे सुटतात आणि ते तोटीच्या जाळीवर जमतात. मद्यार्काला टिकणारी एपॉक्सी वापरली असेल तर गोष्ट वेगळी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लेप दिलेल्या टाक्यांचे मालक आज ह्या पापुद्र्यांशी झगडत असतात, आणि तो लेप खरवडून पुन्हा उघड्या लोखंडापर्यंत जाणे हे तांब काढण्याहून कष्टाचे काम आहे.

मळीकडे परत येण्याचे आश्वासन दिले होते. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा मद्यार्क आपल्याकडे काही अंशी साखर कारखान्यांच्या मळीपासून व उसाच्या रसापासून येतो. त्यामुळे आज एखादा मालक टाकीच्या तळाशी बसलेली तांब काढण्यासाठी मळीचे पाणी भरून ठेवतो, तेव्हा ज्या उसाने पाणी आत आणले त्याच उसाकडून तो तांब सोडवून घेत असतो.